उत्तरेच्या खोलीतली ओल

अमृतराव पाईकराव यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. सेनगावपासून आखाडा बाळापूरपर्यंत त्यांच्या हातची घरं उभी आहेत. स्वतःचं घर बांधायला मात्र त्यांना साठी गाठावी लागली. हिंगोलीच्या बाहेर, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत सोयाबीन उभं असायचं, त्या काळ्या रानात प्लॉट पडले आणि त्यातल्या एकावर त्यांनी तीन खोल्यांचं स्लॅबचं घर उठवलं. पुढे बैठक, मधे स्वयंपाकघर, मागे उत्तरेच्या अंगाला झोपायची खोली. बायको रुक्माबाईंनी विटा वाहिल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांच्या वाहिल्या, तशाच याही. घरभरणीला बुद्धवंदना झाली, खीर झाली आणि रुक्माबाई मागच्या खोलीतल्या नव्या दिवाणावर टेकून म्हणाल्या की आता इथून आपण हलत नाही.

त्या दोन वर्षं जगल्या. खोकला त्यांना आधीपासून होता. चुलीचा धूर आणि सिमेंटची धूळ, दोन्ही त्यांनी भरपूर खाल्लं होतं. नव्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात खोकला वाढला, तेव्हा अमृतरावांना वाटलं, वरच्या झरोक्यांतून गार वारा येतो आणि बाईच्या छातीत बसतो. त्यांनी दोन्ही झरोके विटा लावून बुजवले. खिडकीच्या चौकटीच्या फटी सिमेंटने भरल्या, काचेवर आतून जाड प्लास्टिक ठोकलं. काम झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि बायकोला सांगितलं की आता वाऱ्याची झुळूक आत यायची नाही. रुक्माबाईंना बरं वाटलं. दुसऱ्या वर्षीच्या भादव्यात त्या गेल्या. छाती आधीच खराब होती, असं सगळे म्हणाले.

त्यानंतर मागची खोली मुलाला आणि सुनेला मिळाली. मुलगा सुरज एसटीत कंडक्टर होता. सून सपना घरीच शिलाई करायची. त्यांची मुलगी विशाखा सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. ती आजीच्या दिवाणावर झोपायची आणि आजीची वाकळ अंगावर घ्यायची. जुन्या लुगड्यांची ती जाड गोधडी तिला सोडवत नसे. अमृतराव बैठकीत झोपायला आले.

रुक्माबाईंना जाऊन दहा महिने झाले असतील, तेव्हा विशाखाला खोकला लागला.

आधी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पावसाळा होता, शाळेतली निम्मी पोरं खोकत होती. त्या नव्या नगरातल्या दवाखान्यातून औषधाची बाटली आणली, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. सकाळी उठली की पोरगी खोकायची, खोकता खोकता दिवाणाच्या कडेला वाकायची, डोळ्यांत पाणी यायचं. शाळेत गेली की दुपारपर्यंत बरी असायची. घरी येऊन झोपली की पुन्हा तेच.

एका सकाळी सपना तिची वेणी घालत होती. विशाखा पाठमोरी बसली होती आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शीळ वाजत होती. सपनाचे हात वेणीवरच थांबले. हा आवाज तिने ऐकलेला होता. सासूबाईंच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांना उशांवर टेकवून बसवताना, त्यांची पाठ चोळताना, तिच्या कानाशी हाच आवाज असायचा. आधी शीळ, मग छातीत काहीतरी घरघरणं, मग एकेका श्वासासाठी खांदे वर ओढणं. पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

ती कुणाला काही बोलली नाही. बोललं तर ते खरं होईल असं तिला वाटलं. तिने वेणी पुरी केली, पोरीला शाळेत सोडलं आणि परत येऊन शिलाई मशीनवर बसली, पण दिवसभर तिला एक ब्लाऊज पुरा करता आला नाही.

त्या दिवसापासून घराने पोरीची काळजी घ्यायला कंबर कसली. श्रावणाची झड लागली होती, आठ-आठ दिवस ऊन नव्हतं. थंडी लागू नये म्हणून मागच्या खोलीचं दार लावून ठेवायचं ठरलं. बाहेर कपडे वाळत नव्हते, म्हणून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि विशाखाचे गणवेश, टॉवेल, चादरी तिथेच वाळत घातल्या. सकाळ-संध्याकाळ वाफारा सुरू केला. सपना पातेल्यात पाणी उकळून आणायची, दार लावायची आणि पोरीला चादरीखाली घेऊन बसायची. वाफ खोलीभर पसरायची. अमृतराव दाराबाहेरून विचारायचे, झाला का वाफारा, नीट घेतला का. नात बरी व्हावी म्हणून त्या म्हाताऱ्याने पान खाणं सोडलं होतं. तसं त्याने कुणाला सांगितलं नाही, सपनाच्या लक्षात आलं.

खोलीला एक वास येऊ लागला होता. बंद पेटीतल्या जुन्या कागदांसारखा, कुबट. सपनाने कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या. सकाळी खिडकीच्या प्लास्टिकवर पाण्याचे थेंब जमलेले असायचे. ती ते फडक्याने पुसून टाकायची.

विशाखाचा खोकला वाढतच गेला.

शेजारच्या आशाबाई मनाने चांगल्या होत्या. रुक्माबाईंच्या आजारपणात त्यांनी रोज डबा दिला होता. एक दिवस त्या कुंपणाशी सपनाला थांबवून हळूच म्हणाल्या की राग मानू नको, पण एकाच खोलीत, एकाच दिवाणावर, एकच दुखणं, हे बराबर नाही. म्हातारीचा जीव त्या नातीत अडकला होता. एकदा कुणाला तरी घर दाखवून घे.

सपनाने त्यांना नको म्हणून सांगितलं, पण त्या बोलण्याने तिच्या मनात घर केलं. संध्याकाळी तिने सुरजच्या कानावर घातलं. तो जेवता जेवता थांबला. अमृतरावांनी मात्र बैठकीतून ऐकलं होतं. ते उठून आत आले.

"आपल्या घरात हे चालायचं न्हाई," ते म्हणाले. "मेलेलं मानूस कोनाच्या छातीत बसत न्हाई. अन् रुक्मा तर न्हाईच बसनार. तिनं या लेकराला तळहातावर वाढवलं."

त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. सपनाने तेही ऐकलं.

श्रावणातल्या सुट्टीत सपना पोरीला घेऊन माहेरी गेली. तिची आई रूपाबाई आखाडा बाळापूरला राहायची. घर पत्र्याचं, दोन ठिकाणी गळणारं, भिंत आणि पत्रा यांच्यामधून वारा घोंगावत जायचा. सपना घाबरतच गेली होती, असल्या हवेत पोरगी कशी निभावेल म्हणून. वाकळ तिने मुद्दाम घरी ठेवली, पावसात भिजेल म्हणून. पहिल्या दिवशी विशाखा थोडी खोकली. तिसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या पोरींबरोबर पावसात उड्या मारत होती. पाचव्या दिवशी सपनाने सकाळी तिच्या पाठीला कान लावला. शीळ नव्हती.

रूपाबाईंना आनंद झाला. सपना मात्र जास्तच भ्यायली. हिंगोलीला परत येताना एसटीत तिने पोरीला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. घरी पोचल्यावर विशाखा धावत मागच्या खोलीत गेली आणि आजीच्या वाकळेत शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकली. तिसऱ्या दिवशी शीळ वाजली.

म्हणजे घरच. सपनाला आता शंका उरली नाही. ती भर दुपारीसुद्धा त्या खोलीत एकटी जायला घाबरू लागली. कपाटाचं दार उघडताना आधी मागे वळून बघायची. दिवाणाच्या त्या कोपऱ्यात, जिथे सासूबाई उशांना टेकून बसायच्या, तिथे तिची नजर जायची नाही. सासूबाईंवर तिचा जीव होता. आता त्यांचीच भीती वाटते याची तिला लाज वाटायची आणि लाजेने भीती काही कमी व्हायची नाही. तिने सुरजला सगळं सांगितलं. तो डेपोतून दमून आला होता. तो म्हणाला की बाबांना न कळवता एकदा कुणाला तरी आणू, गुरुवारी बाबा सेनगावला जाणार आहेत. सपनाने मान हलवली. हे आपण का कबूल केलं, हे तिला नंतर सांगता आलं नाही.

गुरुवार यायच्या आत मंगळवार आला.

दुपारचे चार वाजले होते. बाहेर झड चालूच होती. विशाखा शाळेतून आली ती दमलेली होती, बोलताना मधेच थांबत होती. सपनाने लगेच पाणी उकळलं. दार लावलं, चादर घेतली. वर दोरीवर धुतलेल्या चादरी लोंबत होत्या. वाफ घेता घेता विशाखाने पातेलं ढकललं. "मम्मी, नको," ती म्हणाली आणि पुढचा शब्द तिला बोलता आला नाही. तिने दोन्ही हात दिवाणावर टेकले. खांदे वर गेले. गळ्याखालची खळी आत ओढली जाऊ लागली. सपनाने चादर फेकली. पोरीच्या ओठांचा रंग बदलत होता.

सपनाने मामा म्हणून हाक मारली. सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. तिला वाटलं ती मोठ्याने ओरडली, पण आवाज फुटलाच नसावा, कारण अमृतराव आले ते पातेलं सांडल्याच्या आवाजाने. त्यांनी काही विचारलं नाही. पोरीला उचललं, खांद्याशी उभं धरलं आणि पायात चप्पल न घालता बाहेर पडले. नगरातला रस्ता चिखलाने भरला होता, ऑटो आत येत नव्हते. साठी उलटलेला माणूस पोटऱ्यांपर्यंतच्या चिखलातून मोठ्या रस्त्यापर्यंत नातीला घेऊन पळत गेला. सपना मागून पळत होती आणि तिला फक्त पोरीचा एक हात दिसत होता, आजोबांच्या पाठीवर सुटून पडलेला.

बाहेरच्या हवेत आल्यावर, ऑटोत, विशाखाला एक मोठा श्वास घेता आला. मग आणखी एक. दवाखान्यात पोचल्याबरोबर तिच्या नाका-तोंडावर औषधाच्या वाफेचं मशीन लावलं. अर्ध्या तासाने ओठ गुलाबी झाले. सपना भिंतीला टेकून खाली बसली ती नर्सने हाताला धरून उठवेपर्यंत.

सुरज रात्री सेनगावची शेवटची फेरी संपवून थेट दवाखान्यात आला. पोरीला दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाई आल्या, त्यांनी तपासलं आणि मग स्टूल ओढून बसल्या. त्यांनी औषधाचं काही विचारलं नाही, घराचं विचारलं. कुठे बरी असते, कुठे बिघडते. सपनाने आखाडा बाळापूरचं सांगितलं. इथेही रात्रीत बरी झाली, हेही सांगितलं. मग बाईंचे प्रश्न, खोलीत कोण झोपतं, खिडक्या किती, कपडे कुठे वाळतात. भिंतीला ओल आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा अमृतराव मधेच म्हणाले की घर त्यांनी स्वतः बांधलंय, चाळीस वर्षांचा हात आहे, त्यांच्या घराला ओल येत नाही.

डॉक्टर बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सांगितलं की माणसाच्या श्वासातून, स्वयंपाकातून, ओल्या कपड्यांतून पाणी हवेत जातच असतं. त्याला बाहेर पडायला वाट नसली की ते सगळ्यात गार भिंतीवर जाऊन बसतं. तिथे बुरशी धरते. बुरशीची भुकटी हवेत उडते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण अशा लेकराच्या छातीला कळते.

"आम्ही तर दिवसातून दोनदा वाफारा देत होतो," सपना म्हणाली.

"बंद खोलीत?"

सपनाने मान हलवली. डॉक्टर बाई म्हणाल्या, "इथल्या मशीनमध्ये औषध होतं. तुमच्या पातेल्यात नुसतं पाणी होतं. तुमची काही चूक नाही, सगळेच देतात. पण आता घरी जा आणि पोरीला आणायच्या आधी कपाटं सरकवून मागे बघा."

त्यांनी हवेतली ओल मोजायचं एक लहान यंत्र मिळतं तेही सांगितलं. चाळीस ते साठच्या आत आकडा असला तर बरं. सुरजने ते त्याच दिवशी बाजारातून आणलं, घड्याळाएवढं, पांढरं. खबर मिळताच आलेल्या रूपाबाईंना विशाखाजवळ बसवून तिघे घरी गेले. सुरजने यंत्र आधी बैठकीत ठेवलं. अडुसष्ट आला. मग मागच्या खोलीत दिवाणावर ठेवलं. आकडा चढायला लागला. चौऱ्याहत्तर, एकोणऐंशी, पंच्याऐंशी. एकोणनव्वदवर येऊन थांबला. तिघेही त्या आकड्याकडे बघत उभे होते. खोलीत तिघांशिवाय कुणीच नव्हतं आणि तरी काहीतरी भरून राहिलं होतं, ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

मग बापलेकांनी लोखंडी कपाट सरकवलं.

भिंत काळी होती. जमिनीपासून कमरेपर्यंत काळी, आणि त्या काळ्यावर मखमलीसारखी लव होती, मधे मधे हिरवट ठिपके. कपाटाच्या मागच्या पत्र्यावरही तेच. भिंतीजवळ गेलं की तो कुबट वास नाकात घुसत होता. सुरजला ठसका लागला. त्याने दिवाणावरची गादी उचलली, तर तिची खालची बाजू राखाडी ठिपक्यांनी भरलेली. वाकळ तिथेच घडी घालून ठेवली होती. सपनाने ती हातात घेतली, उलगडली. आतल्या घड्यांमध्ये रुक्माबाईंच्या लुगड्यांच्या तुकड्यांवर पांढरी भुरी धरली होती. पोरगी रोज हीच तोंडापर्यंत ओढून झोपत होती. सपनाने वाकळ दाराबाहेर टाकली आणि हात पुन्हा पुन्हा धूत राहिली.

अमृतराव भिंतीसमोर बसले. तळहात भिंतीवर ठेवला, नखाने गिलावा खरवडला. तो ओल्या भाकरीसारखा निघून हातात आला. मग ते उठून घराच्या मागे गेले. शेजारचा प्लॉट रिकामा होता आणि चारी बाजूंनी घरं उंच झाल्याने त्याचं तळं झालं होतं. पाणी थेट त्यांच्या जोत्याला टेकलेलं. काळी माती पाणी धरून ठेवते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. उत्तरेच्या भिंतीला वर्षातले सहा महिने ऊन नाही. खालून ओल चढत होती, आतून वाफ बसत होती आणि बाहेर पडायच्या सगळ्या वाटा त्यांनी स्वतः बुजवल्या होत्या.

ते आत आले आणि त्यांनी वर बघितलं, जिथे झरोके होते.

"सपना," ते म्हणाले, "रुक्माच्या टायमाला ही भिंत अशीच होती का?"

सपनाला हा प्रश्न येणार हे कपाट सरकलं तेव्हाच कळलं होतं. नाही म्हणता आलं असतं. सुरज तिच्याकडे बघत होता.

"मामींचं दुखणं चालू होतं तवा मी कपाटामागचा केर काढला होता," ती म्हणाली. "खाली काळं दिसलं होतं. हातभर. मला वाटलं धुराचं असंल, जुनं कपाट हाय, त्याचं लागलं असंल. मामी गेल्यावर पुण्यानुमोदनाला पाहुणे येनार म्हनून मीच त्याच्यावर रंग मारला. कोनाला सांगितलं न्हाई."

"काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी बांधलेलं घर. कसं सांगनार होते, मामा?"

अमृतराव खाली बसले. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त पाठ हलत होती. सुरजने बापाला कधी असं बघितलं नव्हतं. तो पुढे झाला, पण काय करावं ते न कळून तसाच उभा राहिला. सपना सासऱ्यांपासून दोन हातांवर बसली. ती जवळ गेली नाही आणि उठूनही गेली नाही.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने पंच्याने तोंड पुसलं आणि सुरजला छन्नी-हातोडा आणायला सांगितला. नाका-तोंडाला फडकं बांधून ते लाकडी घोडीवर चढले. सुरज म्हणाला, मी करतो. त्यांनी ऐकलं नाही. पहिला झरोका त्यांनीच फोडला. विटा बाहेरच्या बाजूला पाण्यात पडत गेल्या. दुसरा फोडताना सुरजने खालून त्यांचे पाय धरून ठेवले. खिडकीवरचं प्लास्टिक सपनाने फाडून काढलं. त्याच्यामागेही काळं होतं.

पुढचे दिवस कामाचेच गेले. विशाखाला थेट रूपाबाईंकडे आखाडा बाळापूरला पाठवलं. गादी जाळली, वाकळही जाळली. सपना तेव्हा आत गेली, तिला बघवलं नाही. भिंतीचा गिलावा वीट दिसेपर्यंत काढला. ग्रामसेवक, नगरपालिका असं कुणाकुणाला भेटून सुरजने शेजारच्या प्लॉटमधून पाण्याला वाट काढून घेतली, ती अर्धवटच निघाली. मग अमृतरावांनी स्वतः फावडं घेऊन जोत्यालगत चर खोदला. कपडे पुढच्या ओट्यावर पत्र्याखाली वाळत घालायला लागले, वाळायला दोन दिवस लागले तरी. आकडा रोज बघायचा हा सगळ्यांचा नाद झाला. ब्याऐंशी, पंच्याहत्तर, सत्तर. दसऱ्याच्या सुमाराला तो पहिल्यांदा साठच्या खाली आला, तेव्हा सुरजने डेपोतून फोन करून पुन्हा एकदा विचारून खात्री केली.

विशाखा घरी आली. डॉक्टर बाईंनी तोंडाने ओढायचा पंप दिला होता, तो रोज दोनदा. दमा होता, तो एकदम जाणार नव्हता. पण सकाळची शीळ गेली. ती आता बैठकीत आजोबांजवळ झोपू लागली. मागची खोली उन्हाळाभर तशीच उघडी ठेवायची, गिलावा पुढच्या वर्षी बघू, असं अमृतराव म्हणाले.

गुरुवारचं बोलणं सुरजने आणि सपनाने पुन्हा काढलं नाही. आशाबाईंना सपनाने घरात बोलावून ती भिंत दाखवली. ती बघून त्या घाईने आपल्या घरी गेल्या. संध्याकाळी त्यांच्याकडून कपाट ओढल्याचा आवाज आला.

एक दिवस अमृतराव कुणाला न सांगता डॉक्टर बाईंकडे जाऊन आले. काय विचारायला गेले ते सपनाला कळलं होतं. त्या दिवशी जेवताना त्यांनीच सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या बायकोची छाती चाळीस वर्षांच्या धुराने आणि धुळीने खराब झाली होती. त्या खोलीने तिला आणखी त्रास झाला असेल. त्यानेच गेली की त्याशिवायही गेली असती, हे आता कुणी सांगू शकत नाही. जो सांगेल तो खोटं सांगेल.

"म्या बाईला बराबर विचारलं," अमृतराव म्हणाले. "व्हय म्हन न्हाईतर न्हाई म्हन. तिनं दोन्ही म्हनलं न्हाई."

त्यांनी ताटात पाणी ओतलं. मग म्हणाले की रुक्माबाईंनी बरं वाटलं म्हणून सांगितल्यावर त्यांनी आणखी सहा घरांचे झरोके बुजवून दिले होते. लोकांनी मागितलं नव्हतं. यांनीच सुचवलं होतं, थंडी लागत नाही म्हणून.

त्यातलं एक घर सेनगावला, द्वारकाबाई नावाच्या विधवा बाईचं. तिथे आधी जायचं ठरलं. सपना बरोबर निघाली. म्हातारा एकटा गेला तर दारातूनच परत येईल, असं तिला वाटलं. द्वारकाबाईंनी चहा टाकला, घर चांगलं आहे म्हणाल्या, हिवाळ्यात ऊब राहते. अमृतरावांनी कप हातात धरून ठेवला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. सपनाने एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"वैनी, तुमच्या घरातले ते झरोके म्या बंद केले," ते म्हणाले. "ते काम चुकलं माझं. माझ्या घरी चुकलं तसंच. उघडून द्यायला आलो."

द्वारकाबाई आधी हसल्या, मग त्यांचं तोंड बघून हसायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं, घरी काय झालं. अमृतराव सांगायला लागले. पहिल्यापासून, विटा कुणी वाहिल्या तिथपासून.

सपना उठून अंगणात आली. तिला ते पुन्हा ऐकवेना. तिने घरी फोन लावला. सुरजची सुट्टी होती, पोरगी त्याच्याजवळ होती. बराच वेळ घंटी वाजली. मग विशाखाने उचलला आणि पलीकडून फक्त धाप ऐकू आली. एक, दोन, तीन. तिने अंगणातल्या खांबाला हात लावला. पोरीचं नाव घ्यायला तिचं तोंड उघडेना.

"मम्मी," विशाखा धापा टाकत म्हणाली, "लवकर बोल. आमी लपाछपी खेळून राहिलो. माझ्यावर राज्य हाय, पप्पा सापडून नाही राहिले."

सपनाने विचारलं, पंप घेतला का. घेतला. छातीत दुखतं का. नाही. पुन्हा विचारलं. पोरगी वैतागली आणि फोन तसाच ठेवून पळाली. तिच्या पावलांचा आवाज दूर गेला. सपना फोन कानाला लावून उभी राहिली, तिकडून हसण्याचा आवाज येईपर्यंत.